पंचपाळ्यातले स्क्रू

अहो, टेबल आवरलेलं नाही, आधीच सांगते. नंतर कुरकुर नको. तुम्ही सोडलंत तसंच कितीतरी दिवस होतं. हिरव्या रबरी चटईवर कोलशेतच्या कल्पेशचा कॅमेरा उघडा पडलेला, शेजारी धूळ उडवायचा हवेचा फुगा, लाल दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, तुमचा चष्मा आणि झाकणं लावलेलं माझं पंचपाळं. माझं म्हटलं मी. लक्षात असू द्या.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. आपल्या डोंबिवलीच्या एवढ्याशा घरात माणसं बसणार कुठे? प्रत्येकाची नजर गॅलरीकडे. "ते टेबल जरा सरकवलं तर चार खुर्च्या मावतील," कोणीतरी म्हणालं. मी पडदा ओढला आणि पडद्यापुढे चटई टाकून स्वतः बसले. नवरा गेलाय आणि ही बाई रडायचं सोडून पहारा करतेय, असं वाटलं असेल लोकांना. वाटू दे. आत कॅमेऱ्याचं पोट उघडं होतं, कोणाचा धक्का लागला असता म्हणजे?

त्या दुपारी तुम्ही आतून ओरडलात, "झालं गं! अडकलेला आरसा सुटला. आत हळदच गेली होती. आता फक्त बंद करायचाय. आधी चहा टाक." मी गवती चहा चिरत होते. कप घेऊन आले तर तुम्ही टेबलावर हात आडवा टाकून त्यावर डोकं ठेवलेलं. मला वाटलं, एखादा स्क्रू खाली पडलाय आणि तुम्ही टेबलाच्या पातळीवरून शोधताय. नेहमीचंच होतं ते. म्हणून मी म्हटलं, "चष्मा लावा की हो!"

हे आपलं शेवटचं बोलणं. चाळीशीपासून तुमच्या मागे लागून लागून जे वाक्य झिजलं होतं, तेच. तुम्ही ऐकलंत की नाही तेही मला माहीत नाही. लोक शेवटी काय काय बोलून जातात, ऐकतो आपण. आपल्या वाट्याला चष्मा आला.

तुमच्याबद्दल फोनवर बरंच लिहून येतंय. ठाणे काय, कल्याण काय, सगळीकडच्या फोटोग्राफर पोरांनी लिहिलंय. काका देवमाणूस होते, काकांच्या हातात जादू होती. तुम्ही असतात तर नाक उडवलं असतंत. जादू कसली डोंबलाची! दुरुस्तीला येणाऱ्या कॅमेऱ्यांतले निम्मे बिघडलेलेच नसतात, हे तुम्ही मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतंत. लेन्सवरचा खटका चुकून हातफोकसवर गेलेला असतो आणि माणूस रडत येतो की कॅमेरा धूसर दिसायला लागला. कार्डाच्या कडेची खिट्टी सरकून कुलूप लागलेलं असतं. बॅटरीचं दार नीट मिटलेलं नसतं. तुम्ही समोरच्याला आधी बसवायचात, पाणी द्यायचात आणि मग आपलं ठरलेलं म्हणायचात: आधी बॅटरी, मग कार्ड, मग लेन्सचे पितळी ठिपके, आणि एवढं सगळं बघून झाल्याशिवाय स्क्रूला हात नाही. ते ठिपके पुसायला पांढरं खोडरबर. केवढ्या मोठ्या कॅमेऱ्यांचे आजार त्या शाळेतल्या खोडरबराने गेलेत, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि तुमचा तो राग! आतल्या काचेवर धूळ दिसली की लोक तोंडाने फुंकर मारतात, त्यावर तुम्ही असे काही भडकायचात की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. "दूध आहे का ते? थुंकी उडते थुंकी! आता ती साफ कोण करणार, तुझा मामा?" एकदा एकाने पावसात भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता, कुठेतरी वाचून. तुम्ही तो उघडलात, चिमट्याने एक दाणा बाहेर काढलात, उजेडात धरलात आणि गंभीरपणे विचारलंत, "कोलम की आंबेमोहोर?" तो बिचारा म्हणाला, "बघावं लागेल." मी आत तोंडावर पदर धरून हसत होते.

हसायला येतंय बघा अजून.

आता पंचपाळ्याचं. ते बोलायचं मी टाळत होते.

माझ्या आईने रुखवतात दिलेलं पितळी पंचपाळं. वर मोराची मूठ, पाच वाट्या, प्रत्येक वाटीला आपापलं झाकण. हळद, कुंकू, गुलाल, बुक्का, अक्षता. मी ठाण्याच्या ऑफिसातून एका संध्याकाळी घरी येते तर ते देव्हाऱ्यातून गायब, आणि तुमच्या टेबलावर स्क्रू भरून बसलेलं. मी असा काही तमाशा केला! आणि तुम्ही थंडपणे म्हणालात, "अगं, स्टीलच्या डब्यात स्क्रूड्रायव्हरच्या चुंबकाने सगळे स्क्रू डब्याला चिकटून बसतात. पितळ चुंबकाला धरत नाही. शिवाय पाच वाट्या. शिवाय झाकणं. तुझ्या आईने काय विचार करून दिलंय!" माझ्या आईला मध्ये आणलंत की मी गप्प बसते, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

वाट्यांची नावं मात्र तुम्ही बदलली नाहीत. हळदीत तळाचे स्क्रू. गुलालात दोन्ही बाजूंचे. कुंकवात पाठीचे. बुक्क्यात वरच्या झाकणाचे. आणि अक्षतांत अगदी पोटातले. उघडताना हळदीपासून अक्षतांपर्यंत जायचं, बंद करताना अक्षतांपासून हळदीपर्यंत यायचं. नोकरी संपल्यावर मी रोज तुमच्या डाव्या हाताला बसायला लागले आणि तुम्ही मान वर न करता मागायचात, "कुंकवातला लांब दे. तो नाही, लांब." नवीन गिऱ्हाईक चक्रावून आपल्या दोघांकडे बघायचं. त्यांना वाटत असेल, इथे कॅमेऱ्याची पूजा घालतात.

लांब-आखूड यावर तुमचा फार कटाक्ष. आखुडाच्या जागी लांब पिळला तर तो आतल्या वायरीच्या नाजूक पट्टीत घुसतो आणि चांगला कॅमेरा मरतो. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मी एकदा चिडून म्हटलं होतं, "मला कशाला सांगताय? मी काय दुकान घालणारे?" तुम्ही नुसते हसलात.

दर चैत्रात आपलं भांडण ठरलेलं. हळदीकुंकवाला बायका यायच्या आणि मी स्टीलच्या वाट्यांतून हळद लावायची. "पंचपाळं नाही का हो?" "ह्यांनी घेतलंय." की सगळ्या खिदळायच्या. एका वर्षी तुम्ही मोठ्या ऐटीत नवीन आणलंत. मी म्हटलं, "हे तुमच्या स्क्रूंना घ्या आणि माझं मला द्या." तर म्हणे, "ह्याची झाकणं ढिली आहेत गं." म्हणजे स्क्रूंना नको ते देवीला चालेल! मी ते फडताळात टाकलं ते टाकलंच. "पुढच्या चैत्रात नक्की देतो," असं तुम्ही दर चैत्रात म्हणायचात. गेल्या वेळी मी विचारलं, "मी मेल्यावर देणार का?" तर तुम्ही म्हणालात, "तू सवाष्ण जाणार, मोठ्या थाटात. तेव्हा ओटीबरोबर देतो तुझं पंचपाळं. पण मग कुंकवातला स्क्रू मी कोणाकडे मागू?"

आणि गेलात तुम्ही.

आता घ्या! आता पंचपाळं माझं एकटीचं. कोणाशी भांडायला नको, कोणाकडे मागायला नको. दिलंत, पण कधी दिलंत हो? मला फार राग येतो तुमचा. सकाळी उठल्या उठल्या येतो. मग तुमचा टॉवेल दोरीवर दिसत नाही आणि राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

तेराव्याला जेवणं उरकली. आपली शोभा मागे थांबली. तुमची धाकटी बहीण, पण माझ्याशी सख्ख्या बहिणीसारखी वागली या दिवसांत, खोटं कशाला बोलू. ठाण्याहून रोज येत होती. माझे पाय चेपून दिले तिने. जाताना दारात घुटमळली आणि म्हणाली, "वहिनी, राग नको मानू. सूनबाईचा पहिला चैत्र आहे. ते दादाकडचं पंचपाळं... म्हणजे तुला आता..." पुढे तिला बोलवेना. मलाही ऐकवेना. मी म्हटलं, "बघू." तिने मान हलवली. तिचं काही चुकलं नाही हो. आपल्याकडे असंच असतं, मीही दुसऱ्याच्या घरी तेच म्हटलं असतं. पण त्या "तुला आता"नंतर जी जागा मोकळी राहिली ना, ती भरायला मला काही सापडेना.

दुसऱ्याच दिवशी कल्पेश आला, कोलशेतहून, माणकोलीच्या पुलावरून बाईक दामटवत. हा तोच कल्पेश, ज्याचा कॅमेरा लग्नसराईत दरवेळी पिवळा होऊन यायचा. त्यांच्या गावाकडची हळद म्हणजे काय आपल्यासारखी बोटभर असते? मांडवात सगळ्या गावाने एकमेकांना माखायचं, वर बेंजोपार्टीचा दणका, आणि हा पठ्ठ्या मधोमध उभा राहून लेन्स बदलायचा. तुम्ही त्याला किती झापलंत. "अरे, मांडवाबाहेर जाऊन बदल की!" तर तो म्हणायचा, "काका, पोरा नाचतान, नवरा म्होरं उभा हाय, सोरून बाहेर जाव कसा?" आणि ती हळद आत जाऊन, घामाच्या ओलीने चिकटून बसायची. या वेळी आरसाच वर अडकला होता. कॅमेरा नुसता एरर दाखवत होता.

तो आला आणि तुमच्या फोटोपुढे उभा राहिला. एवढा दांडगा गडी, लहान पोरासारखा हात जोडून. मग म्हणाला, "काकी, कॅमेरा ऱ्हाऊ द्या. तसाच पिशवीन घालून द्या, माझा मी बघीन."

"पिशवीत? उघडा कॅमेरा? अक्कल आहे का तुला?" मी ओरडले. तुमचाच आवाज निघाला माझ्या तोंडून. तो दचकला. नंतर कळलं, त्याच्या बहिणीची हळद चार दिवसांवर आली होती. "दुसरा कॅमेरा कोनाचाबी भेटंल," तो म्हणाला, "पन भयनीची हलद मना माझ्याच कॅमेऱ्यान काढाची हाय. काकांनी सांगलेला, होईल म्हनून."

काकांनी सांगितलं होतं. झालं. आता मला पळवाट राहिली का? मी म्हटलं, "परवा ये."

तो गेल्यावर कळलं. मी काय करून बसले? मी स्क्रू देणारी. लावणारे तुम्ही. दुसऱ्याचा कॅमेरा, पोराच्या बहिणीची हळद, आणि माझ्या हातून आतली पट्टी फुटली तर? तुमचं नाव जाईल. इतक्या वर्षांत तुमच्या टेबलावरून मेलेला कॅमेरा कधी परत गेला नाही, आणि शेवटचा असा जायचा?

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पडदा बाजूला केला आणि तुमच्या खुर्चीत बसले. माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसून पाहिलं आधी, पण हात पोचेना. तुमचा चष्मा लावून पाहिला. सगळं मोठं आणि ओलं दिसायला लागलं, म्हणून काढला, डोळे पुसले, माझा लावला.

सगळ्यात आधी फ्लॅशमध्ये साठलेला करंट रिकामा केला, तुम्ही करायचात तसा, त्या दोन वायरींच्या तुकड्याने. एवढ्या दिवसांत तो कधीच उतरला असणार, पण केला. आठवतं? मी नवीनच बसायला लागले होते आणि सहज बोट पुढे केलं, तर तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. फटका! मी तीन दिवस बोलले नाही तुमच्याशी. मग तुम्ही स्वतःचं बोट मला दाखवलंत, टोकाला जळालेला डाग. "बॅटरी काढली तरी तो करंट धरून ठेवतो. मला बसलाय, तुला नको बसायला." एवढंच बोललात. त्याआधी आणि त्यानंतर तुम्ही मला प्रेमाचं असं काही बोलल्याचं आठवत नाही. तेवढं पुरलं मला. हे सांगायचं राहून गेलं, म्हणून आता सांगतेय.

मग अक्षतांचं झाकण उघडलं.

पोटातले स्क्रू बसले. बुक्क्यातले बसले. रिबनसारखी पट्टी नखाने दाबून बसवली, तुम्ही म्हणायचात तसं, "जोर नको, पण भीड पण नको." मग पाठ लावली आणि नकळत मोठ्याने म्हणाले, "कुंकवातला लांब दे." डाव्या हाताने उजव्या हाताला दिला. मीच मागितला, मीच दिला. तिथे मात्र मला थांबावं लागलं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि मोकळेपणाने रडले. इतके दिवस पहाऱ्यावर होते, तेव्हा जमलं नव्हतं.

मग गुलाल. मग हळद. शेवटचा स्क्रू पिळला. पाचही वाट्या रिकाम्या. बॅटरी घातली, बटण सरकवलं.

काही नाही. मेलेला.

बटण खाली, बटण वर. काही नाही. पट्टी फाटली असणार, लांब-आखूड चुकलं असणार, सगळं डोळ्यांसमोर आलं. पुन्हा उघडायचा म्हणून स्क्रूड्रायव्हर उचललासुद्धा. आणि तुमचं ते ठरलेलं आठवलं. एवढं बघून झाल्याशिवाय स्क्रूला हात नाही. आधी बॅटरी.

बॅटरीचं दार केसभर उघडं होतं हो! खटका लागलाच नव्हता. ज्या चुकीसाठी तुम्ही अख्ख्या डोंबिवलीला हसलात, ती मी करून बसले होते, तुमच्या खुर्चीत बसून. मी दार दाबलं, टक् झालं, आणि वरचा दिवा लागला. असे हसला असतात तुम्ही! आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटला असतात.

कल्पेश आला. पहिला क्लिक गिऱ्हाईकाचा, हा तुमचा नियम. मी कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "मार." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कॅमेरा माझ्याकडेच वळवला. मी "अरे, माझा नको" म्हणायला लागले. कपाळ मोकळं होतं. टिकली काढ असं मला कोणी म्हटलं नव्हतं, लाव असंही कोणी म्हटलं नव्हतं. पण त्याने बटण दाबलंसुद्धा.

ख-टॅक्.

आरसा वर, आरसा खाली. सुटे सुटे दोन आवाज, मध्ये कुठे खरखर नाही. तुम्हाला हवे असायचे तसेच. कल्पेशने मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. म्हणाला, "काकी, डोले मिटलं तुमी."

मिटलेच होते. तुम्ही नाही का मिटायचात, आवाज ऐकताना.

तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, "हलदीला या, काकी." मी म्हटलं, "अरे, मी कशी येणार आत्ता?" "कशी म्हंजे? रिक्षान बसून." इतकं सरळ उत्तर मला या महिन्यात कोणी दिलं नव्हतं. मी गेले नाही. पण त्याने बोलावलं, हे तुम्हाला कळायला हवं.

तो गेल्यावर पंचपाळं धुवायला घेतलं. चिंच लावून घासलं. लखलखीत झालं, रिकामं, आईने दिलं होतं तसं. ओट्यावर उपडं घातलं आणि मला ते बघवेना. फडक्यात गुंडाळून शोभासाठी पिशवीत ठेवलं. पिशवी दाराशी ठेवली, तिला फोन करून सांगितलंही. संध्याकाळपर्यंत तिच्यावरून दोनदा अडखळले.

शोभा काल आली. गौर बसायची वेळ जवळ आलीय. पिशवी दाराशी नव्हती, म्हणून ती आपल्या सवयीने सरळ गॅलरीत गेली. मी खुर्चीत होते. समोर तुमचा तो पहिला कॅमेरा, ज्याला तुम्ही कोणाला हात लावू दिला नाहीत, ज्याच्या शटरचा पडदा गेली कित्येक वर्षं अर्धाच उघडतो आणि ज्याला तुम्ही "आपलं काय, करू निवांत" म्हणत राहिलात. त्याचा तळ मी काढला होता. शोभाने पंचपाळ्याचं एक झाकण उचललं. हळदीत चार स्क्रू होते.

"वहिनी, हे काय?"

"वापरात आहे गं," मी म्हटलं. "फडताळात नवीन आहे, ते ने सूनबाईला. झाकणं जरा ढिली आहेत, पण हळदीला चालेल."

तिने झाकण परत ठेवलं. मग स्टूल ओढून माझ्या डाव्या हाताला बसली. बराच वेळ बसली. चहासुद्धा तिनेच केला.

आज सकाळी मी पाठ काढली. आणि आता अडलेय. कुंकवात तीन लांब आहेत आणि एक आखूड. काढताना लक्ष नाही राहिलं माझं, तुम्ही असतात तर ओरडला असतात. चारही भोकं मला सारखीच दिसतायत. आखुडाच्या जागी लांब गेला तर संपलंच.

अहो, तो आखूड कुठला?